तबकडीमागचे आवाज

चैत्र-वैशाखात धुळ्याच्या देवपूरला लवकर झोपायची सोय नसते. दिवसभर तापलेल्या गच्चीवर पाणी मारावं, गादी टाकावी, पांझरेकडून येणारी झुळूक अंगावर घ्यावी आणि तेवढ्यात दत्तमंदिर चौकाच्या बाजूनं ताशा कडाडतो. दाट तिथ असली की एक वरात नकाणे रोडला, दुसरी जीटीपी स्टॉपपाशी, तिसरी आग्रा रोडवर गाड्या अडवून उभी. बाहेरगावचे पाहुणे वैतागतात. मला हे दिवस आवडतात. एरवी ज्यांचं नाव कुणी घेत नाही असे गाणारे या रात्रींत माझ्या दारावरून गात जातात.

आमच्याकडची बँडची गाडी हा एक लहानसा रंगमंचच असतो. दोन्ही अंगांना भोंगे, वर लाल-हिरव्या दिव्यांच्या माळा, मागे धडधडणारा जनरेटर. आत कॅसिओवाला आणि पॅडवाला दाटीवाटीनं बसलेले, त्यांच्या मधोमध गायक. पुढे ढोल, ताशे, ट्रम्पेट घेऊन पायी चालणारी माणसं. झगझगीत कोट, कॉलरच्या आत घामानं भिजलेला रुमाल. परवा एक वरात आमच्या कोपऱ्यावर बराच वेळ अडली, तेव्हा त्या गायकाला जवळून पाहता आलं. तिशीचा असेल. माईक ओठांना जवळजवळ चिकटलेला, डावा तळवा कानावर, समोर मोबाईलवर गाण्याचे शब्द. जुनं हिंदी गाणं संपवून तो एका भीमगीतावर आला, तिथून खंडोबाच्या गाण्यावर, आणि तिथून, पोरांनी ओरडा केला म्हणून, अहिराणीवर. चार गाणी, चार निराळे गळे लागतात त्यांना. त्यानं ते चारही लावले, मध्ये घोटभर पाण्यालाही न थांबता. कडव्याकडव्याच्या मधल्या जागेत तो बक्षीस देणाऱ्यांची नावं पुकारत होता : नवरदेवाचे मामा, अमुक गावचे आबा, तमुक गावचे जिभाऊ. गावासकट, मानासकट. अर्ध्या वऱ्हाडाची नावं त्याच्या तोंडून लाऊडस्पीकरवर गेली. त्याचं नाव मात्र मला शेवटपर्यंत कळलं नाही. गाडीवर बँडचं नाव होतं, मालकाचा मोबाईल नंबर होता. गाणाऱ्याचं कुठेच काही नव्हतं.

तेव्हापासून गायिका गौहरजान डोक्यात आहे. १९०२च्या नोव्हेंबरात कलकत्त्याला ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग आला आणि हॉटेलच्या खोलीत त्यानं तिचा आवाज मुद्रित केला. तीन मिनिटांत ख्याल बसवायचा, धातूच्या कर्ण्यात तोंड घालून गायचं. आणि गाणं संपता संपता ती खणखणीत इंग्रजीत आपलं नाव सांगते. मूळ ठसे जर्मनीत हानोवरला जायचे, तिथल्या कारागिरांना चिठ्ठी कुणाच्या नावाची लावायची हे कळावं म्हणून ही रीत होती, असं सांगतात. कारण काहीही असो, त्या तबकडीवर बाई गातेही आणि आपण कोण तेही स्वतःच सांगते. आपल्या खानदेशात असं व्हायला फार वर्षं गेली.

आपल्याकडच्या थोर ध्वनिमुद्रिका घेऊन बसलं की प्रत्येकीमागे एक न मुद्रित झालेला आवाज उभा असतो. बालगंधर्वांचंच बघा. नारायण राजहंस नावाचा मुलगा लहानपणी जळगावात मामांकडे होता, आणि गाण्याचे पहिले धडे त्यानं तिथल्या महेबूबखाँकडे घेतले. पुढे १९१३ साली गंधर्व नाटक मंडळी निघाली, नाट्यपदांच्या तबकड्या घराघरांत गेल्या, आणि आज जळगावच्या खुल्या नाट्यगृहाला बालगंधर्वांचं नाव आहे. त्या पोराच्या कानात पहिला षड्ज ज्यांनी घातला ते खाँसाहेब कसे गात असतील? शिष्याच्या तबकड्या कान देऊन ऐकल्या तरी त्यांतून गुरूचा आवाज वेगळा काढता येत नाही.

धुळे जिल्ह्यातलं, शिरपूर तालुक्यातलं थाळनेर तर मला या बाबतीत तीर्थासारखं वाटतं. तापीकाठचं गाव, कधीकाळी फारुकी सुलतानांची राजधानी; त्यांचे हजिरे अजून आहेत, किल्ल्याचे उरलेसुरले बुरूज नदीवर झुकलेले आहेत. इथले गुजराती व्यापारी हरिदास लाड यांची मुलगी मास्टर दीनानाथांच्या घरी गेली. तीच माई मंगेशकर. लताबाईंचं हे आजोळ. पावागडचे गरबे आणि गुजराती लोकगीतं त्या इथल्या आजीकडून शिकल्या. पुढच्या सत्तर वर्षांत लताबाईंचा आवाज पोचला नाही असं घर या देशात सापडणं कठीण. त्या आवाजाच्या वाटेवर किती मोठमोठे उस्ताद, किती संगीतकार भेटले, त्यांची यादी सगळ्यांना पाठ असते. तापीकाठच्या घरात नातीला गरबे शिकवणारी म्हातारी त्या यादीत क्वचितच येते. मी थाळनेरला गेलो की घाटावर बसून तिचा विचार करतो. चाल तिनं कुठून उचलली असेल, ताल धरायला टाळी देत असेल की मांडीवर हात? तिचं गाणं स्टुडिओत पोचलं, पण दुसऱ्या गळ्यातून.

आणि बहिणाबाई. आसोद्याला १८८० साली जन्मलेली, जळगावच्या चौधऱ्यांच्या घरात नांदलेली, अक्षरओळख नसलेली बाई शेतात आणि जात्यावर गात राहिली. मुलानं, सोपानदेवांनी, आणि आप्तांनी जमेल तेवढं टिपून घेतलं. १९५१च्या डिसेंबरात ती गेली, १९५२ साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघालं. १९६१ला 'मानिनी' चित्रपट आला, वसंत पवारांनी तिच्या रचनांना चाली दिल्या आणि सुमन कल्याणपुरांनी त्या अशा काही गायल्या की महाराष्ट्राला बहिणाबाई त्याच आवाजात ऐकू यायला लागली. सुमनताईंचा गळा फार स्वच्छ, फार हळुवार. मला तो अतिशय प्रिय आहे. तरीही ते ऐकताना माझं मन एका जागी अडतं : आसोद्याच्या बाईचा 'ळ' कसा होता? जात्याचा खुटा ओढताना ओळीच्या कुठल्या शब्दावर तिचा दम संपत असेल? शब्द वाचले, हे आपलं केवढं भाग्य. ती गायची कशी, ते तिच्याबरोबर गेलं. आज विद्यापीठाला तिचं नाव आहे, आणि तिचा आवाज आपल्यापैकी कुणाच्याही कानात नाही.

म्हणून गेल्या काही वर्षांत मोबाईलवर जे अहिराणी गाणं आलं, त्याकडे मी नाक मुरडून बघू शकत नाही. सचिन कुमावतांच्या यूट्यूब वाहिनीवरचं, अण्णा सुरवाडे यांनी गायलेलं 'केसावर फुगे' सगळ्या महाराष्ट्रानं नाचून घेतलं. त्या शब्दांचा अर्थ न कळणारी पुण्या-मुंबईची मंडळीही त्यावर थिरकली. ही गाणी तयार कशी होतात ते पाहण्यासारखं आहे. एखाद्या खोलीला आतून फोम मारून केलेला स्टुडिओ, एक संगणक, एक कीबोर्ड. चित्रीकरणाला कुणाची तरी केळीची बाग, कुणाचा तरी नवा बंगला. चाल बांधतानाच ती वरातीत कशी वाजेल याचा हिशोब असतो, कारण गाण्याचं खरं आयुष्य तिथे आहे. मोबाईलवर आलेलं गाणं आठवड्याभरात बँडवाल्याच्या गळ्यात बसलेलं असतं, आणि ज्याला ते बसलं नाही त्याच्या सुपाऱ्या कमी होतात.

सगळीच गाणी चांगली नसतात. पुष्कळदा तीच पोरगी, तोच झुमका, तेच रुसणं. शब्दांवर मेहनत कमी पडते हे मला खटकतं, कारण अहिराणीकडे शब्दांची काही वाण नाही. पण 'मन्ही', 'तुन्ही', 'शे' हे शब्द लाऊडस्पीकरवर ताठ मानेनं उभे राहिलेले मी पहिल्यांदा या गाण्यांत ऐकले. आमच्या पिढीनं अहिराणी घराच्या उंबऱ्याआत ठेवली. कॉलेजात, दुकानात, मुलाखतीत तोंडावर येणारा 'शे' गिळून आम्ही 'आहे' म्हणत आलो. आणि आता सुरतेत, लिंबायत-उधन्याच्या गल्ल्यांमध्ये, पोटासाठी गेलेली आपली माणसं हीच गाणी लावून नाचतात. गाण्याच्या सुरुवातीलाच गायकाचं, लिहिणाऱ्याचं, वाजवणाऱ्याचं नाव पडद्यावर येतं. गौहरजाननंतर शंभरावर वर्षांनी का होईना, आमचा माणूस आपलं नाव आपण सांगतो आहे. सातपुड्याच्या बाजूला पावरा-भिलांच्या लग्नांत रोडाली गाणाऱ्या पार्ट्यांचंही तेच. साक्रीकडच्या कोकणा लोकांची पावरी, डोंगऱ्यादेवाच्या उत्सवात रात्रभर वाजणारी, तिच्यावर मात्र वेगळं आणि सावकाश लिहायला हवं.

तरी या नव्या गाण्यांच्याही मागे एक न मुद्रित झालेली रांग उभी आहेच, आणि ती माझ्या गल्लीतच राहते. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. चौरंगावर साडी-दागिन्यांनी सजवलेला नारळ, सव्वा मापाच्या गव्हाचे रोट, आणि रात्रभर जागरण. दुसऱ्या दिवशी सकाळी वाजतगाजत पांझरेवर नेऊन कानबाईचं विसर्जन. त्या रात्री बायका ज्या चाली गातात, त्यांतल्या दोन-तीन मी वरातीच्या गाण्यांत नव्या कपड्यांत फिरताना ओळखल्या आहेत. आमच्या शेजारच्या आक्का ओळ सोडतात, बाकीच्या झेलतात. आक्कांचा आवाज आता चिरका झाला आहे, वरच्या पट्टीला फाटतो, पण एकही कडवं चुकत नाही, आणि कुणी मध्येच गडबड केली तर त्या हातानं थांबवून पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात.

गेल्या श्रावणात त्यांच्या परवानगीनं मी मोबाईल चौरंगाजवळ ठेवला. गाणं झाल्यावर त्यांनी स्वतःच तो हातात घेतला, ऐकला, एकदा मान हलवली आणि म्हणाल्या, "त्यामा मन्हं नाव बी टाकजो, भाऊ." तेव्हापासून मी प्रत्येक ध्वनिमुद्रणासोबत वहीत लिहून ठेवतो : गाणारणीचं नाव, माहेरचं गाव, गाणं कुणाकडून आलं. माझ्यासारख्यांनी, आणि विद्यापीठानंही, हे काम या बायका आहेत तोवर उरकलं पाहिजे. दर श्रावणात गोतातला एखादा आवाज कमी झालेला असतो. त्या दिवशी 'कुणाकडून आलं' या रकान्यासाठी आक्कांनी आधी आईचं नाव सांगितलं, मग आजीचं, मग आजीच्या नणंदेचं. तिथे त्यांच्या जाऊबाईंनी अडवलं. तिसरं कडवं नणंदेचं नव्हेच, ते आपल्या माहेरचं, शिंदखेड्याकडचं, असं त्यांचं म्हणणं. दोघींनी ते कडवं आपापल्या चालीत गाऊन दाखवलं, आणि मी वहीत दोन्ही नावं लिहिली.