गार ट्रॅक्टर

बँकेत असताना बारा वर्षे मी ट्रॅक्टरच्या कर्जाची प्रकरणे तपासली. त्यामुळे ट्रॅक्टर या विषयातले आपल्याला सगळे कळते, असा माझा समज होता. कागदावरचा ट्रॅक्टर कधी बंद पडत नाही, तेल गाळत नाही आणि चिखलात रुततही नाही. रुतला तर हप्ता रुततो.

2018 साली निवृत्त झालो आणि सांगोल्याकडच्या आमच्या गावी येऊन दोन एकर डाळिंबांचा मालक झालो. डाळिंबाच्या ओळींत थोरला ट्रॅक्टर घातला, की तो फांद्या आणि फळे बरोबर घेऊनच बाहेर पडतो. म्हणून छोटा, अठरा हॉर्सपॉवरचा घ्यायचे ठरले. नवा परवडेना, म्हणून जुना. त्यासाठी हिने पाटल्या मोडल्या. ‘‘अहो, पण नीट बघून घ्या हं,’’ एवढेच म्हणाली. बघून घेणे हा तर माझा जन्माचा धंदा!

बघायला गेलो तेव्हा मालकाने ट्रॅक्टर अंगणात सुरू करूनच ठेवला होता. ‘‘साहेब येणार म्हणून मुद्दाम काढून ठेवला,’’ म्हणाला. मला गहिवरून आले. मी लगेच कागद मागितले. आरसी बुक पाहिले, चॅसी नंबर पडताळला, बोजा उतरल्याचा फॉर्म 35 पाहिला, 29 आणि 30 वर सह्या घेतल्या. एक त्रुटी सापडेल तर शपथ! निघताना मालक म्हणाला, ‘‘असं बघून घेणारं गिऱ्हाईक मी पहिल्यांदाच बघितलं.’’ त्याचा अर्थ मला दुसऱ्या दिवशी सकाळी कळला.

सकाळी किल्ली फिरवली. ट्रॅक्टरने नुसता घसा खाकरला. पुन्हा फिरवली. पुन्हा खाकरला. शेवटी मिस्त्रीला बोलावले. त्याने हत्यारांची पिशवी खाली ठेवायच्या आत विचारले,

‘‘सायेब, घेताना बॉनेटला हात लावून बघितला हुता का?’’

‘‘बॉनेटला? कशाला?’’

‘‘गार हाय का गरम हाय ते.’’

तर मंडळी, जुना ट्रॅक्टर घ्यायला जाल तेव्हा न कळवता जा, आणि भल्या सकाळी जा. तापलेले इंजिन कोणीही सुरू करील. बॅटरीत जीव किती आणि इंजिनात दम किती, हे गार असतानाच कळते. मग धूर बघा. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल पिते आहे. काळा थांबतच नसेल तर हवा कमी पडते आहे किंवा डिझेल जास्त जाते आहे. पांढरा थंडीत घटकाभर चालतो. इंजिन तापल्यावरही येत राहिला तर यजमानांना नमस्कार करून घरी यावे. ऑइलची पट्टी ओढून बघा. आमची मिस्त्रीने ओढली तेव्हा ही म्हणाली, ‘‘अगं बाई, दुधाच्या चहासारखं दिसतंय की!’’ मिस्त्री हसला नाही. ऑइलमध्ये पाणी गेले की ते तसे दिसते. मिस्त्री का हसला नाही, ते बिल आल्यावर मला समजले.

तासांच्या मीटरवर जाऊ नका. आमच्या मीटरवर 640 तास होते आणि क्लचच्या पेडलवरचे रबर पाटीसारखे गुळगुळीत! मीटर बदलता येते, त्याची केबल काढून ठेवता येते. पण पाय लबाडी करीत नाहीत. लिफ्टचेही तेच. रोटाव्हेटर उचलायला लावा, इंजिन बंद करा आणि मालकाशी पावसापाण्याच्या गप्पा मारा. आमचा रोटाव्हेटर पहिला पाऊस पडायच्या आत जमिनीवर आला असता.

दुरुस्ती झाल्यावर मी ऐटीत ट्रॅक्टर रस्त्यावर काढला. ट्रॅक्टरला ब्रेकची पेडले दोन असतात, हे बारा वर्षांत एकाही प्रकरणात लिहून आले नव्हते. डावे डाव्या चाकाचे, उजवे उजव्या चाकाचे. शेतात जागच्या जागी वळता यावे म्हणून ही सोय. रस्त्यावर जाताना दोन्ही पेडले पट्टीने जोडून घ्यायची असतात. मी घेतली नाहीत. समोर शेळी आली, मी एक पेडल दाबले आणि ट्रॅक्टर काटकोनात वळून चहाच्या टपरीसमोर वीतभर अंतरावर थांबला. टपरीवाल्याने शांतपणे विचारले, ‘‘किती कप?’’

हसण्यासारखे इथवरच.

रोटाव्हेटर फिरवणारा पीटीओचा शाफ्ट मिनिटाला 540 फेरे घेतो. सेकंदाला नऊ. आमच्या शाफ्टचे कव्हर आधीच्या मालकाने काढून टाकले होते, ग्रीस मारताना मधे येते म्हणून. नवे बसवा, असे मिस्त्रीने दोनदा सांगितले. मी दोनदा ‘पुढच्या महिन्यात’ म्हणालो. एके दिवशी रोटाव्हेटरमध्ये दगड खडखडला म्हणून तो चालू ठेवूनच मी खाली उतरलो आणि वाकून बघू लागलो. खांद्यावर पंचा होता. तो कधी गेला हे मला कळले नाही. कळले तेव्हा त्याची दोरी होऊन शाफ्टवर आवळली होती. रोजच्यासारखा तो गळ्याभोवती गुंडाळलेला असता तर हा लेख दुसऱ्या कोणी लिहिला असता, आणि तो विनोदी नसता. चार हातांवर ही चहा घेऊन उभी होती. तिने पदर कमरेला खोचला आणि काही न बोलता घरी गेली. संध्याकाळी कव्हरचे पैसे माझ्या हातावर ठेवले. कुठून आणले, हे मी विचारले नाही.

आता मी आधी पीटीओ काढतो, रोटाव्हेटर जमिनीला टेकवतो, इंजिन बंद करतो, किल्ली खिशात टाकतो आणि मग उतरतो. मिस्त्री म्हणतो, सायेबांना उतरायलाच अर्धा तास लागतो.

परवा बँकेतल्या जुन्या सहकाऱ्याचा फोन आला. त्यालाही निवृत्तीनंतर छोटा ट्रॅक्टर घ्यायचा आहे. उद्या सकाळी आठला आमचा बघायला येतो म्हणाला. रात्री ही मला म्हणाली,

‘‘अहो, चारचौघांत शोभा नको. जरा लवकर उठून सुरू करून ठेवता का?’’

‘‘नको,’’ मी म्हणालो. ‘‘गारच राहू दे. त्याच्यासमोर खोकू दे पाच मिनिटं.’’