हाँगकाँगच्या मांजरगल्लींत

हाँगकाँगच्या हॉलीवूड रोडच्या खालच्या अंगास एक अरुंद गल्ली आहे. तिचें कागदोपत्रीं नांव अपर लास्कर रो. लोक मात्र तिला मांजरगल्ली म्हणतात. लास्कर म्हणजे आपल्याकडील खलाशी. इंग्रजी अमलाच्या आरंभीं ते येथें राहत. आतां तेथें जुन्या-पुराण्या वस्तूंची दुकानें आहेत.

गेल्या मार्गशीर्षांत पुतण्याकडे गेलों असतां त्या गल्लींत शिरलों, तो निव्वळ हौसेनें नव्हे. आमच्या देवघरांत पणजोबांच्या वेळेपासून पितळेचें एक मोठें नाणें आहे. मधोमध चौकोनी भोंक, भोंवतीं चार चिनी अक्षरें. 'चिनी मोहोर' म्हणून त्याची ख्याति. तें विकून पैसे तिघां भावांत वांटावे, असें अलीकडे धाकट्या बंधूंच्या मनानें घेतलें, आणि तेव्हांपासून घरांत पंगतीचें बोलणें कमी झालें होतें.

वृद्ध दुकानदारानें नाणें तळहातावर जोखलें, भिंगाखालीं कडा पाहिली आणि पुतण्याकरवीं सांगितलें, "हें नाणें नव्हेच, हा ताईत."

चीनमध्यें चलनी नाणीं व ताईत दोन्ही ओतीव आणि दोहोंस बहुधा चौकोनी भोंक. म्हणून नवखा फसतो. चलनी नाण्यावर कांग-शी (१६६२–१७२२) किंवा च्येन-लुंग (१७३६–१७९५) असें राजवटीचें नांव, पुढें 'चलनी धन' या अर्थाचे दोन शब्द, आणि छिंग घराण्याच्या काळांत पाठीवर बहुधा मांचू लिपींत टांकसाळीचें नांव असतें. ताइतावर आशीर्वाद व चित्रें असतात. वटवाघूळ दिसल्यास दचकूं नये; चिनी भाषेंत वटवाघूळ व सौभाग्य या दोन शब्दांचा उच्चार एकच. आपल्या श्लेषासारखाच हा प्रकार!

आमच्या ताइतावरील अक्षरांचा अर्थ निघाला, 'पांच पुत्र परीक्षा उत्तीर्ण होवोत!' दहाव्या शतकांतील एका गृहस्थाचे पांचही मुलगे राजपरीक्षा उत्तीर्ण झाले, त्यावरून हा आशीर्वाद. ती परीक्षा १९०५ सालीं बंद झाली. जन्मभर उत्तरपत्रिका तपासलेल्या मला हंसूं आलें.

आणि किंमत? नकली ताइताचीं अक्षरें बोथट, हिरवा लेप नखानें निघणारा. आमचा ताईत अस्सल होता. पण म्हाताऱ्यानें विचारलें, "यास कोणीं घांसलें?" आजीनें, मागून आईनें, दर दिवाळीस चिंच लावून! धातूवर काळानें चढविलेला रंग हेंच त्याच्या वयाचें प्रमाणपत्र. तें आम्ही भक्तिभावानें पुसत आलों होतों. सांगितलेली किंमत वांटली असती, तर प्रत्येकास एक वेळचें जेवण मिळालें असतें. वाचकांच्या घरीं असें कांहीं असल्यास त्यांनीं पारख होईपर्यंत तें घांसूं नये.

जवळच मान-मो देऊळ आहे. त्यांतील 'मान' हा विद्येचा देव, हातीं लेखणी धरलेला. छतास उदबत्तीचीं मोठमोठीं वेटोळीं टांगलेलीं. विद्यार्थी परीक्षेपूर्वीं येथें येतात. तेथें उभा असतां मनांत आलें, आमच्या घरचीं मुलें तीन पिढ्या परीक्षेस जातांना ज्या देवघरास नमस्कार करून गेलीं, तेथेंच हा ताईत होता. आणि अर्थ कोणासच ठाऊक नव्हता.

घरीं परतल्यावर तो अर्थ पंगतींत सांगितला. धाकटे बंधू कांहीं बोलले नाहींत. दुसऱ्या दिवशीं पूजेची पाळी त्यांची होती. पाहतों तों ताईत आपल्या जागीं होता, आणि पुढें त्यांच्या नातीचें परीक्षेचें प्रवेशपत्र ठेविलेलें होतें.