टूसॉनचं पाणकणीस
अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात फिनिक्सहून दक्षिणेला टूसॉनकडे निघालं की महामार्गाच्या दोन्ही अंगांना सोनोरन वाळवंट लागतं. मुरमाड माती, खुरटी झुडपं, मधूनच साग्वारो निवडुंग. वर्षाला जेमतेम ३०० मिलिमीटर पावसाच्या या शहराच्या वायव्येला मात्र पुरुषभर उंच पाणकणीस दाटलंय आणि त्यातून बदकं पोहताहेत. हे स्वीटवॉटर, १९९६ मध्ये शहराने मुद्दाम बांधलेली पाणथळ. पाणी शहराच्याच सांडपाण्यातलं, आधी सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात प्रक्रिया झालेलं. काठाने चालताना मला हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते. पाणथळ आली म्हणून केंद्राला सुट्टी देता येत नाही. कोरड्या मुलखात तिची जागा केंद्र आणि जमीन यांच्या मधोमध आहे. पाणकणसाचा देठ पाण्यात बुडतो तिथे बुळबुळीत थर दिसतो. तो जिवाणूंचा. प्राणवायू असतो तिथे हे जिवाणू अमोनियाचं नायट्रेट करतात. खाली काळ्या चिखलात, प्राणवायूविना, दुसरे जिवाणू त्या नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून हवेत सोडतात. पुढे शेजारच्या उथळ खाचरांतून पाणी जमिनीत मुरतं. आपल्याकडच्या पाझर तलावासारखंच, फक्त ही खाचरं आलटून पालटून भरतात आणि वाळू देतात, म्हणजे तळ गच्च होत नाही. मुरताना माती पाणी आणखी गाळते. मग ते विहिरींतून उपसून वेगळ्या नळांनी बागा, गोल्फची मैदानं, शाळांची पटांगणं यांना जातं.

इथल्या उन्हात उघडं पाणी ठेवणं म्हणजे उधळपट्टी, हा आक्षेप मला सगळ्यात वजनदार वाटतो. बाष्पीभवन इथे पावसाच्या कित्येक पट आहे. पण म्हणूनच साठा वर न करता भूगर्भात केलाय, आणि मैदानांवर पडणारं तेवढं पिण्याचं पाणी वाचतं. वर थोडं उडून जातं ते मी या कामाची किंमत समजतो. जागा लागते हेही खरं; दाटीच्या शहरात हा उपाय बसणार नाही.

डासांचा प्रश्न जास्त चिवट. अळ्या मारणारं जिवाणूजन्य औषध टाकावं लागतं, आणि माजलेलं पाणकणीस अग्निशमन दलाच्या देखरेखीखाली दरवर्षी जाळावं लागतं, कारण दाट गवतात डासांचं फावतं. ‘निसर्ग आपोआप करतो’ म्हणून ही योजना विकणाऱ्यांनी हा खर्च आधी सांगावा. पाणथळ बांधण्याचा ठराव होतो त्याच बैठकीत औषधाची, कापणीची आणि माणसांची कायमची तरतूद व्हायला हवी. ती नसेल तर वस्तीजवळ असं तळं करायला माझा विरोध राहील.