त्रिकोणातली फट

आमच्या गच्चीवरच्या खोलीत पूल टेबल आहे असं सांगितलं की लोकांना वाटतं, साहेब जाम श्रीमंत! तसं काही नाही हो. चिंचवडमधलं एक पार्लर बंद झालं आणि बाबांनी रिटायरमेंटच्या पैशातून तिथलं टेबल उचललं. आईनं दोन दिवस अबोला धरला होता.

नियम ठरलेला. रॅक बाबा लावणार, ब्रेक मी करणार. पण गेल्या वर्षी माझा ब्रेक मरायला लागला. बॉल टेबलभर पसरायच्या ऐवजी तिथल्या तिथेच घोळका करून उभे. वाकून बघितलं तर पहिल्या बॉलमागे फट. कागद सरकेल एवढीच, पण तेवढी पुरते. बॉल एकमेकांना टेकलेले नसले की धक्का मागपर्यंत नीट पोचतच नाही.

बाबांचे हात हल्ली थरथरतात. मी मनातल्या मनात निकाल लावून टाकला. "द्या इकडे बाबा, मी लावतो," म्हणत त्रिकोण घेतला. ते काही बोलले नाहीत. खुर्चीत जाऊन बसले.

आणि माझ्या हातूनही फट तशीच! बॉल धुऊन पुसले, मागच्या रांगेला बोटं लावून गठ्ठा पुढे रेटला... त्रिकोण उचलला की पुढचा बॉल केसभर सरकायचाच. शेवटी मोबाईलचा टॉर्च आडवा धरला. कापडावर बारीक खळगे! वर्षानुवर्षं ब्रेकचा दणका त्याच जागी बसलेला. बॉल आपण ठेवू तिथे नाही, खळग्यात जाऊन बसणार.

"व्हर्नियर आण," खुर्चीतून आवाज आला. तीस वर्षं क्वालिटीत काढलेला माणूस. मी धरायचो, ते वाचायचे. पूलचा बॉल ५७.१५ मिमीचा, फरक चालतो जेमतेम ०.१३ मिमी. आमचे तेरा ठीक निघाले. दोन मात्र ५६.७! पार्लरवाल्यानं दुसऱ्या सेटमधले घुसडले असणार. नशिबानं एक प्लेन होता, एक पट्ट्याचा. एट बॉलच्या रॅकमध्ये मागच्या दोन कोपऱ्यांत अशीच जोडी लागते, आणि तिथली फट सगळ्यात कमी नडते.

नवं कापड बसलं त्या रविवारी मी त्रिकोण बाबांच्या हातात दिला. सॉरी म्हणायचं होतं, राहून गेलं. थरथरत्या बोटांनी त्यांनी गठ्ठा रेटला, अलगद त्रिकोण उचलला, एक डोळा मिटून बघितलं.

"मार," म्हणाले.

तीन बॉल पॉकेटमध्ये. त्यातला एक पांढरा होता, तो भाग वेगळा.