चार वाजेपर्यंत

ज्या दिवशी कुणाला वेळ दिलेली असते, त्या दिवशी माझी कात्री कापडाला लागत नाही. शिवण उसवता येते, हुक पुन्हा लावता येतात, बाही वर चढली तर उतरवता येते. कापलेलं कापड मात्र परत अखंड होत नाही. ब्लाऊजपीस आधीच तोकडा, त्यात गिऱ्हाइकाला बाही कोपरापर्यंत हवी. खडूची रेघ बोटभर सरकली की संपलं. म्हणून डोकं जागेवर असेल तेव्हाच कटिंग. आणि चार वाजता कुणी येणार असेल तर माझं डोकं सकाळी आठलाच चार वाजता जाऊन बसलेलं असतं.

खरं तर आमच्या धुळे जिल्ह्यातल्या पिंपळनेरात वेळ देऊन येणारं गिऱ्हाईक थोडं. पश्चिमेकडच्या पाड्यांवरच्या बाया बाजाराच्या दिवशी जीपने उतरतात, ओट्यावर कापड टाकतात, मापाचं जुनं ब्लाऊज देतात आणि “पुढला बाजारले येसू” म्हणून जातात. कांदा काढणीला आला असेल तर त्याच्याही पुढच्या बाजाराला येतात. त्यांची वाट बघत मी कधी बसलेली नाही. दारात उभ्या राहिल्या म्हणजे आल्या.

डॉक्टरांकडेही माझं काही अडत नाही. सासूबाईंच्या गुडघ्यासाठी बाहेरगावाहून अधूनमधून येणाऱ्या हाडांच्या डॉक्टरांकडे जावं लागतं. सकाळी जाऊन नंबर लावायचा. अठरावा नंबर मिळाला की घरी यायचं, भाकरी टाकायच्या, एखाद्या ब्लाऊजला अस्तर जोडायचं, मध्ये एक चक्कर मारून यायची. बाकावरच्या बाया सांगतात, “तुमना आंगे आखो चार शेतस.” म्हणजे पुढे अजून चौघे आहेत. आपला नंबर त्या बाकावर सगळ्यांच्या देखत असतो. उशीर झाला तरी कुणीतरी म्हणतं, त्या आत्ताच घरी गेल्यात, येतील. दुपारच्या चारचं तसं नसतं. ते फक्त मला माहीत असतं, आणि माझ्यावाचून त्याच्याकडे बघणारं कुणी नसतं.

मुद्रा कर्जाच्या वेळी हे नीट लक्षात आलं. केंद्र सरकारने २०१५ मध्ये सुरू केलेल्या या योजनेत शिशु गटात ५०,००० रुपयांपर्यंत कर्ज मिळतं, तारण लागत नाही. मला पिको आणि ओव्हरलॉकसाठी मशीन हवं होतं. साडीला फॉल मी लावत होते, पण पिकोला साड्या दुसरीकडे पाठवाव्या लागत. कोटेशन जोडून अर्ज केला. मग फोन आला: साहेब उद्या चार वाजता जागा बघायला येतील.

जागा म्हणजे आमची ओसरी. ती नऊलाच झाडून, पुसून, चिंध्या पोत्यात भरून झाली. मशीनला तेल दिलं. बॉबिनी भरल्या, रंगाप्रमाणे लावल्या. दोन ब्लाऊजना हुक लावले. श्रावण तोंडावर होता. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई देवी बसते, त्याआधी नव्या ब्लाऊजचा ढीग माझ्याकडे साचतोच. त्या ढिगातलं वरचं कापड मी उचललं, घडी मोडली, हाताने सपाट केलं आणि पुन्हा घडी घातली. हे दुपारपर्यंत चाललं. जेवण अकरालाच उरकलं, का ते मलाही सांगता येत नाही. साहेब आले तेव्हा तोंडात घास नको, एवढंच डोक्यात असावं.

सासूबाई पलंगावरून बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, “आखो गंज येळ शे व. मशीन चालाव ना. तुले कोन धरी ठेयेल शे?”

कुणी धरून ठेवलं नव्हतं, हीच तर अडचण होती.

दीडच्या सुमारास गल्लीतली एक जण धावत आली. माहेरचं लग्न, संध्याकाळच्या सटाण्याच्या गाडीने निघायचं, ब्लाऊज तेवढं राहिलेलं. साधं, बिनअस्तराचं. माप माझ्याकडे होतंच. दुप्पट शिलाई देते म्हणाली. असं ब्लाऊज मी दीड तासात हातावेगळं करते, म्हणजे तीनला मोकळी झाले असते. मी म्हटलं, नाही जमणार, आज चारला माणूस येणार आहे. तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि कापड घेऊन गेली.

साहेब चारला पाच कमी असताना आले. मशीन पाहिलं, कोटेशनवरची रक्कम ताडून पाहिली, मोबाइलवर माझा मशीनसोबत फोटो काढला, अर्धा कप चहा घेतला आणि गेले.

माझी भाची पुण्यात मानसशास्त्र शिकते. तिला फोनवर हे सांगितलं तर हसेल असं वाटलं होतं, पण तिने उलट विचारलं, दुप्पट शिलाईचं काम होतं ना ते? मग तिने एका अभ्यासाबद्दल सांगितलं. गॅब्रिएला टोनिएटो, सेलिन मॅल्कॉक आणि स्टीफन नाउलिस या तिघांचा तो अभ्यास अमेरिकेतल्या ‘जर्नल ऑफ कन्झ्युमर रिसर्च’मध्ये २०१९ साली छापून आला. पुढे काहीतरी ठरलेलं असलं की त्याच्या आधीचा तास माणसाला तासापेक्षा लहान वाटतो, असं त्यांना दिसलं. एका प्रयोगात लोकांपुढे दोन कामं ठेवली होती: ३० मिनिटांचं अडीच डॉलरचं आणि ४५ मिनिटांचं पाच डॉलरचं. दोन्हींपैकी कोणतंही एक काम तासात आरामात बसत होतं. तरी तासाभराने आणखी काही ठरलेलं असलेल्यांचा कल कमी पैशांच्या छोट्या कामाकडे जास्त होता. म्हणजे हुक लावणाऱ्या तिथेही आहेत. एडीएचडी असलेली माणसं हा अनुभव फार सांगतात, असंही ती म्हणाली.

अभ्यास पटला, पण माझ्या मते आमच्याकडे त्याला आणखी एक कारण आहे. १८८० च्या खानदेश गॅझेटिअरात पिंपळनेर हा तालुका आहे. पुढे मुख्य ठिकाण साक्रीला गेलं आणि तालुक्याचं नावही साक्री झालं. तेव्हापासून आमच्या भागातल्या माणसाची तारीख असते ती साक्रीला नाहीतर धुळ्याला. एसटी मिळेल का, वाटेत बंद पडेल का, साहेब जागेवर असतील का, यातलं काही आपल्या हातात नसतं. माझे वडील बांधाच्या दाव्याच्या तारखेला सकाळी बैल जुंपत नसत. तारीख दुपारची असली तरी अख्खा दिवस तिचा. हे शहाणपण होतं, कारण औत मध्येच सोडून पळणं परवडत नसे. तीच सवय माझ्या अंगात मुरली आहे. आता माणूस माझ्याच ओसरीवर येतो, मला एक पाऊलही टाकायचं नसतं, तरी बैल गोठ्यातच.

यातून वाट निघाली ती सासूबाईंच्या लग्नाच्या गोष्टीतून. त्या लग्नात म्हणे जोशीबुवा घटिकापात्र घेऊन बसले होते. बुडाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडायची. ती भरून बुडाली की एक घटका झाली, म्हणजे २४ मिनिटं. दिवसरात्रीच्या अशा ६० घटका. जोशीबुवांनी मुहूर्ताची घटका भरेपर्यंत वाटीवरची नजर हलवायची नाही, त्यांना दुसरं काम नाही. बाकी मांडव मोकळा: बाया मांडे करताहेत, पोरं उधळताहेत, नवरी जेवतेय. सासूबाई हे मजेत सांगत होत्या. मला त्यात वेगळंच दिसलं. वेळेकडे लक्ष ठेवणं हे एका माणसाचं पुरतं काम आहे, आणि पूर्वी ते खरोखर एका माणसाला नेमून दिलेलं होतं. चार वाजताच्या दिवशी माझ्या घरात जोशीही मीच आणि नवरीही मीच.

मोबाइलचा गजर लावून पाहिला होता. त्याचा उलटाच परिणाम झाला. गजर वाजायला किती वेळ उरला हे बघायला मी सारखा मोबाइल उचलू लागले.

मग पुढच्या खेपेला, कर्जाच्या कागदांसाठी पुन्हा कुणी घरी येणार होतं तेव्हा, भिंतीवरचं घड्याळ उतरवून सासूबाईंच्या उशाशी ठेवलं. म्हटलं, “माय, आज घड्याळ तुमनाकडे. साडेतीनले माले सांगज्यात.” त्यांनी ते इतकं मनावर घेतलं की दर पाव तासाला पलंगावरून आरोळी येऊ लागली: “सव्वाबारा वाजनात व!” त्यामुळे मीच दोनदा दचकले. शेवटी ठरवलं की हाक एकदाच, साडेतीनची. त्या गप्प झाल्यावर मी ढिगातलं एक कापड पसरलं, खडू घेतला, पाठ आखली. कात्री फिरली. कटोरी ब्लाऊजचं कटिंग झालं, आणि त्यातली एक बाही जोडूनही झाली.

वाट बघणं घरातून गेलं होतं असं मात्र नाही. संध्याकाळी शेजारीण विचारत आली, आज मावशी मंदिरात भजनाला का नाही आल्या? सासूबाई घड्याळ सोडून हलल्याच नव्हत्या. पाणी प्यायलाही उठल्या नव्हत्या. माझं ओझं उतरलं नव्हतं, पलंगावर गेलं होतं. जोशीबुवांना निदान दक्षिणा मिळत असे, असं मी म्हटलं, तर त्यांनी ती लगेच मागितली: नव्या चोळीला आतून खिसा, तंबाखूची डबी मावेल एवढा. दिला शिवून. आता घड्याळ ताब्यात घेताना त्या आधी भजनाची वेळ विचारतात, आणि भजन असेल त्या दिवशी सरळ नाही म्हणतात. त्यांचं बरोबर आहे.

धुळ्याच्या तारखेला हा उपाय चालत नाही. बहुतेक वेळा तारीख त्यांच्याच गुडघ्याची किंवा डोळ्यांची असते, त्या पहाटे चारपासून नेसून बसलेल्या असतात, आणि घड्याळ द्यायला घरात कुणी उरत नाही. त्या दिवसाच्या पानावर मी वहीत आडवी रेघ मारते आणि गिऱ्हाइकाला सांगते, उद्या या.