कोऱ्या मुदतीचा कागद

वाशीमहून निघालेली एसटी खंडाळा घाट ओलांडते आणि पुसदची कापूस-तुरीची शेतं दिसू लागतात. पुसदला उतरून डोंगराकडच्या एका आंध आदिवासींच्या वस्तीवर गेलो. सातबाऱ्यावर आदिवासीचं नाव असलेली जमीन प्रत्यक्षात कोण कसतो, ते मला बघायचं होतं.

"वावर माह्याच नावावर हाय जी, वाहते दुसराच," म्हातारबा म्हणाले. सुनेनं आढ्याला खोचलेली प्लास्टिकची पिशवी काढली. आत शंभराचा मुद्रांक. रक्कम लिहिलेली, अंगठा उमटलेला, मुदतीची जागा मात्र कोरी. लग्नासाठी उचल घेतली, वावर मक्त्यानं गेलं, ते अजून परत आलेलं नाही.

इथून जवळच गहुली आहे, वसंतराव नाईकांचं गाव. ते मुख्यमंत्री असतानाच, जुलै १९७४ मध्ये, जमीन महसूल संहितेत कलम ३६अ आलं. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला पाच वर्षांपर्यंत पट्ट्यानं द्यायची तरी जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी हवी. विक्रीला तर सरकारचीही संमती लागते. मंजुरीआधी गावात किंवा पाच किलोमीटरच्या आत कुणी आदिवासी ती घ्यायला तयार आहे का, हेही पाहायचं असतं. एवढा भक्कम कायदा, आणि शंभराच्या कागदानं त्याला बगल दिली!

असा सौदा एकट्यावर न सोडण्याची एक वाट ऑस्ट्रेलियात दिसते. तिथे १९९२ च्या माबो खटल्याच्या निकालानंतर मूळनिवासींचा जमिनीवरचा परंपरागत हक्क कायद्यानं मानला गेला. १९९८ पासून तिथे जमीनवापराचे करार नोंदवले जातात. हक्कदार समूहाची संमती घेऊन करार नोंदला की तो समूहातल्या प्रत्येकावर बंधनकारक होतो. आपल्याकडे वनहक्काचा दावा ग्रामसभेपुढे येतो. मेंढा-लेखा गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला तो याच वाटेनं. खातेदाराच्या शेताचा सौदा होताना मात्र तो एकटा असतो. समोर उचल देणारा, हातात शाईचा अंगठा. जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीआधी प्रत्येक पट्टा ग्रामसभेत मोठ्यानं वाचला गेला पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

"मंग हा कागद खोटाच म्हना की," सून म्हणाली. मंजुरीशिवाय झालेला व्यवहार कायद्यापुढे टिकत नाही, तसा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे करता येतो, हे सांगितलं. तिनं मुलाच्या वहीचं पान फाडलं. अर्जात गट नंबर, मुद्रांकाची तारीख आणि मुदत लिहिलेलीच नाही ही गोष्ट घातली. म्हातारबांनी आणखी एक ओळ सांगितली: यंदाच्या पेरणीआधी ताबा मिळावा.