मुभा राखून

दावा लावायला कागदांचा गठ्ठा लागतो, काढून घ्यायला एक पान पुरतं. वर कोर्टाचं नाव, मग दावा क्रमांक, वादी, प्रतिवादी आणि खाली एवढंच की वादींना सदरचा दावा पुढे चालविणे नाही. त्या पानाला कोर्टात पुरसीस म्हणतात. वर्षानुवर्षांचं वैर इतक्या थोड्या शाईत मावू शकतं, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

काकूंचा दावा बांधाचा. काकांनी चुलतभावाविरुद्ध मनाई हुकमासाठी लावलेला. काका गेले, वारस म्हणून काकू आणि दोघी मुलींची नावं दाव्यात लागली. मग वकीलसाहेबही वारले. वकील गेले की वकीलपत्रही संपतं. नवा वकील कोण, यावर घरात खल चालू असताना काकू म्हणाल्या, "माझा दावा, मीच काढते."

कायद्याची त्याला आडकाठी नव्हती. 1908च्या दिवाणी प्रक्रिया संहितेप्रमाणे पक्षकार जातीने उभा राहू शकतो आणि आदेश 23, नियम 1 प्रमाणे वादी केव्हाही दावा सोडून देऊ शकतो. मात्र वादी अनेक असतील तर बाकीच्यांच्या संमतीशिवाय एकट्याला तो काढता येत नाही. थोरलीने लगेच सही केली. धाकटी अडून बसली. बाबांनी रोवलेले दगड समोरच्यांनी उपटले होते. ते तिने लहानपणी डोळ्यांनी पाहिलं होतं. तिचं अडणं मला हट्ट वाटलं नाही, आजही वाटत नाही.

कोर्टाबाहेरच्या टायपिस्टने बोटं थांबवून विचारलं, "पुन्हा दावा करण्याची मुभा राखून लिहू, की बिनशर्त?"

सगळं या एका ओळीत आहे. मुभा हवी तर दाव्यातला औपचारिक दोष किंवा दुसरं पुरेसं कारण दाखवावं लागतं. ती देणं न देणं कोर्टाच्या हाती. मिळाली तरी मुदतीचा कायदा थांबत नाही, पहिला दावा जणू झालाच नव्हता असं धरून मुदत मोजली जाते. मुभेशिवाय काढला तर त्याच विषयावर पुन्हा दावा लावता येत नाही, वर खर्चही बसू शकतो. ज्याचं मन अजून तळ्यात-मळ्यात आहे, त्याने ती मुभा जरूर मागावी, असं मी काकूंना सांगितलं. समोरच्याने काही कबूल केलं असेल तर नुसती पुरसीस न देता तडजोड लिहून हुकूमनामा घ्यावा, हेही सांगितलं. पण चुलत दिरांनी काहीच कबूल केलेलं नव्हतं. काकू रिकाम्या हातानेच सोडत होत्या.

"राखून काय करू?" त्या धाकटीकडे बघत म्हणाल्या. "तुझ्या पोरांना देऊ?"

धाकटीने पेन घेतलं. सही इतकी दाबून केली की अक्षरं पानाच्या पाठीला उमटली.

पुकारा झाला. न्यायाधीशबाईंनी पुरसीस वाचून विचारलं, "कुणाचा दबाव? तात्पुरता मनाई हुकूमही यासोबत संपेल, कळतंय ना?"

"कळतंय, बाईसाहेब."

समोरच्या वकिलांनी खर्च मागितला नाही. दावा निकाली निघाला. बाहेर पडताच धाकटी, आईला न विचारता, हुकमाच्या नकलेचा अर्ज भरायला गेली.